जुन्या अंगड्यांचें मोल

मूल वाढतें, पण त्याचें अंगडें वाढत नाहीं. एवढ्या साध्या गोष्टीमुळें प्रत्येक नांदत्या घरांत दर वर्षीं कपड्यांचा एक लहानसा ढीग सांचतो. बारशाला घातलेली कुंची सहाव्या महिन्यांत डोक्यावर बसेनाशी होते. उष्टावणाचें झबलें पहिल्या वाढदिवसापर्यंत काखेंत काचूं लागतें. शाळेच्या पहिल्या दिवसासाठीं शिवलेल्या सदऱ्याच्या बाह्या दुसऱ्या पावसाळ्यांत कोपरांकडे सरकतात. मोठ्या माणसाचा कपडा झिजल्यावर टाकावा लागतो, लहान मुलाचा कपडा झिजण्याच्या आधींच टाकावा लागतो. दुसऱ्याच्या उपयोगीं पडेल असा धड आणि कामाचा जुना कपडा घरांत कोणता असेल तर तो मुलांचाच. हें हेरून इंग्लंडसारख्या देशांत अशा कपड्यांच्या विक्रीतून धर्मादाय कामांसाठीं पैसा उभा करण्याची चाल रूढ झाली. महाराष्ट्रांत मात्र ती फार उशिरां आली, आणि आलीहि ती बिचकत बिचकतच. याचें कारण या समाजाच्या कंजूषपणांत शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं; तें कपड्याकडे पाहण्याच्या त्याच्या दृष्टींत सांपडतें. ही दृष्टि कशी होती, आणि कल्याणच्या पलीकडे उल्हास नदीच्या खोऱ्यांत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशीं जीं तीन गांवें रेल्वेच्या एका ओळींत लागतात, त्यांच्या इतिहासानें तींत काय भर घातली, हें पाहण्यासारखें आहे.

जुन्या मराठी घरांत तान्ह्या मुलाच्या अंगाला पहिल्यानें कोरें कापड लावीत नसत. कोरें कापड खरखरीत, आणि शिवाय नव्या जिवाचें इतकें कौतुक करूं नये, दृष्ट लागते, अशी समजूत. आजीच्या नेसून नेसून मऊ झालेल्या लुगड्याचीं दुपटीं निघत, आणि वडील भावंडाचीं अंगडीं-टोपडीं ट्रंकेच्या तळाशीं कडुलिंबाच्या पाल्यांत जपून ठेवलेलीं असत, तीं बाहेर येत. ज्या घरांत मुलें जगत नसत, त्या घरची बाई नव्या बाळासाठीं लेकुरवाळ्या शेजारणीकडून जुनें अंगडें मागून आणी. मुलाचें नांव भिकू, धोंडू, दगडू असें ठेवण्यामागें जो भाव, तोच या मागून आणलेल्या अंगड्यामागें. ज्या मुलानें तें वापरलें तें मूल जगलें, वाढलें. त्याचें आयुष्य त्या कापडांत थोडें उतरलें आहे, अशी ही श्रद्धा होती. तेव्हां लहानग्याचें अंगडें ही नुसती वस्तु नव्हती, तें एका परीनें त्या मुलाचें दैवच होतें. आणि दैव कोणी विकीत नाहीं.

म्हणून तो कपडा वाटेला लागे तो नात्याच्या वाटेनें. मोठ्याचा धाकट्याला, चुलत्याच्या मुलाचा पुतण्याला, मामेबहिणीचा आतेबहिणीला. धाकट्या भावंडाच्या नशिबीं नवा कपडा क्वचितच येई. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्यें धाकट्या भावासाठीं पैसे सांठवून नवा कोट शिवून आणण्याचा प्रसंग आहे, तो वाचतांना जुन्या पिढीचे डोळे पाणावत, त्याचें अर्धें कारण हेंच, कीं त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं स्वतः धाकटेपणीं दुसऱ्याचाच कोट घातलेला होता.

विक्री म्हणावी अशी एकच वाट होती, आणि तीहि विक्री या नांवाखालीं चालत नसे. दुपारीं पुरुषमंडळी कचेरींत गेलीं, घरांतलीं निजानीज झाली, कीं डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेला कपड्यांचें बोचकें घेऊन बोहारीण गल्लींत येई. या बायका बहुधा गुजराथेंतून आलेल्या वाघरी समाजाच्या. जरीचें लुगडें, पुरुषांचा कोट, विजार यांना त्यांच्याकडे भाव; मुलांच्या कपड्यांना कमी. दोन तास घासाघीस होऊन शेवटीं एखादें पातेलें किंवा डबा पदरांत पडे, आणि संध्याकाळीं घरांत सांगितलें जाई तें असें, कीं आज भांडें घेतलें. कपडे विकले असें कोणी म्हणत नसे. पैसा मध्यें न आल्यामुळें लाजहि मध्यें येत नसे. बोहारीण आपणांस फसवून गेली असें प्रत्येक गृहिणीला वाटे. पण तीं बोचकीं रात्रीं उलगडून, निवडून, धुऊन, टांके घालून पहाटेच्या बाजारांत मजुरांना विकणारी ती बाई जें कमावी तें फसवणुकीचें नव्हे, मेहनतीचें होतें, हें सुखवस्तु घरांना फारसें दिसलें नाहीं.

ही झाली देणाऱ्याची बाजू. घेणाऱ्याची बाजू याहून कडू आहे. गांवगाड्यांत महार वतनदाराच्या परंपरागत हक्कांत मढ्यावरच्या वस्त्राचा हक्क गणला जाई. सवर्णांच्या घरचें उतरलेलें जुनेर, प्रेतावरचें कापड हीं त्याच्या पदरांत पडावयाचीं, आणि त्यालाच ‘हक्क’ हें नांव. ज्या वस्त्रानें देणाऱ्याची अडचण दूर होते आणि घेणाऱ्याच्या कपाळावर त्याची पायरी लिहिली जाते, त्याला दान म्हणणें कठीण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२७ च्या डिसेंबरांत महाडच्या परिषदेच्या वेळीं स्त्रियांपुढें जें भाषण केलें, त्यांत लुगडें कसें नेसावें, अंगावर कोणते दागिने नसावे, येथपर्यंत बारकाईनें सांगितलें, आणि वस्त्र फाटकें असलें तरी चालेल, पण स्वच्छ असावें असा आग्रह धरला. कपड्यावरून माणसाची जात ओळखतां येऊं नये, हा त्यांतला मुद्दा. जुन्या कपड्यांच्या दानाचा विचार करणाऱ्यानें तें भाषण आधीं ध्यानांत घ्यावें. समोरच्या माणसाला जें आपण देतों त्यांत त्याची निवड कोठें आहे, हा प्रश्न महाडनंतर टाळतां येण्यासारखा राहिला नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रांत लोकाश्रयावर चालणाऱ्या संस्था निघूं लागल्या. धोंडो केशव कर्वे यांची अनाथ बालिकाश्रम मंडळी १८९६ सालची. आश्रम पुढें १९०० मध्यें हिंगण्यास गेला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें पुण्याचें सेवासदन १९०९ मध्यें सुरू झालें. या संस्थांना राजेरजवाड्यांच्या देणगीपेक्षां मध्यम घरांच्या लहान लहान मदतीवर अधिक विसंबावें लागे, आणि ती मदत गोळा करण्याच्या युक्त्या मोठ्या मार्मिक होत्या. मुष्टिफंडांत घरची बाई रोज स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर धान्य वेगळ्या मडक्यांत टाकी. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा फंड काढला आणि एकेका पैशाच्या जोरावर १९०८ मध्यें तळेगांवचा कांच कारखाना उभा राहिला. मूठ चालली, पैसा चालला. पण जुनीं अंगडीं विकून फंड उभारण्याची चाल कांहीं त्यांच्या रांगेंत बसली नाहीं. सेवासदनासारख्या संस्थेंत शिवणाचे वर्ग होते, तेथें शिवलेले नवे कपडे विकले जात. संस्थांच्या मदतीसाठीं भरणाऱ्या आनंदबाजारांत लोणचीं, पापड, विणकाम, भरतकाम मांडलेलें असे. नवें विकणें हें उद्योगाचें लक्षण, जुनें विकणें हें दिवाळें वाजल्याचें, असा भेद मनांत पक्का होता. ज्या घरांतून जुने कपडे बाहेर विकावयास जातात त्या घरची लक्ष्मी निघाली, असें म्हणणारे लोक या संस्थांच्या वर्गणीदारांतहि कमी नसतील.

मध्यंतरीं जुन्या कपड्यांचा प्रश्न एकदां देशाच्या राजकारणाच्या मध्यभागीं आला. १९०५ च्या ऑक्टोबरांत पुण्यांत विनायक दामोदर सावरकर यांच्या पुढाकारानें विदेशी कपड्यांची होळी झाली होतीच. पण ३१ जुलै १९२१ रोजीं मुंबईस परळच्या गिरणीच्या आवारांत महात्मा गांधींनीं जी होळी पेटविली ती फारच मोठी. टोप्या, कोट, साड्या, रेशमी पोलकीं यांचा ढीगच्या ढीग जळाला. या अग्नीवरून जो वाद झाला तो आजहि शिळा झालेला नाहीं. दीनबंधु अँड्र्यूज यांना ही होळी मुळींच रुचली नाहीं. रवींद्रनाथ ठाकुरांनीं तर प्रश्न केला, कीं ज्यांच्या अंगावर वस्त्र नाहीं त्यांच्या हक्काचें कापड जाळणारे आपण कोण? त्या वर्षीं बंगालमध्यें खुलना भागांत दुष्काळ होता, लोकांना अंग झांकावयास चिंधी मिळत नव्हती. गांधींचें उत्तर कडक होतें. जें नेसणें आपण पाप मानतों तें गरिबाला देणें म्हणजे आपलें पाप त्याच्या गळ्यांत बांधणें. गरिबालाहि अभिमान आहे. काँग्रेसनें मात्र असे कपडे देशाबाहेर पाठविण्याची मोकळीक ठेविली होती, आणि स्मर्नाच्या पीडितांचें नांव त्या संदर्भांत निघालें होतें. देशांतल्या गरिबाला जें द्यावयाचें नाहीं तें दूरच्या गरिबाला चालेल, हा त्यांतला पेंच कोणाच्या लक्षांत आला नसेल असें नाहीं. दोन्ही पक्षांतला थोरपणा मान्य करूनहि एक गोष्ट नोंदली पाहिजे: ते कपडे नाममात्र किमतीला विकून तो पैसा खुलनाला किंवा चरख्याला लावावा, ही तिसरी वाट त्या गाजलेल्या वादांत पुढें आली नाहीं. एकीकडे होळी होती, दुसरीकडे दान होतें. विक्री दोघांनाहि हलकीच वाटली असावी.

इंग्लंडांत याच सुमारास उलट प्रकार चालला होता. तेथें चर्चच्या दिवाणखान्यांत जुन्यापुराण्या वस्तूंचे विक्रीमेळे भरत, आणि त्यांना प्रतिष्ठित घरांतल्या बायका उघड उघड येत. दुसऱ्या महायुद्धानें या चालीला निराळेंच वळण दिलें. १ जून १९४१ पासून तेथें कपड्यांचें रेशनिंग लागू झालें, आणि पहिल्या वर्षीं माणशीं ६६ कूपनें मिळालीं. वाढत्या मुलाच्या आईला हीं कूपनें कशीं पुरणार? तेव्हां महिला स्वयंसेविका दलानें गांवोगांव मुलांच्या कपड्यांचे विनिमय-केंद्र उघडले. आईनें लहान झालेला कोट, बूट, पायमोजे आणून द्यावे. कपड्याच्या स्थितीप्रमाणें त्याला गुण मिळावे. आणि तितक्या गुणांचा मोठ्या मापाचा कपडा तिनें तेथून निवडून न्यावा. यांत पैसाहि नव्हता आणि भिक्षाहि नव्हती. श्रीमंताच्या मुलाचा कोट मजुराच्या मुलाच्या अंगावर गेला, मजुराच्या मुलाचे बूट दुसऱ्या कोणाच्या पायांत गेले, आणि उपकाराची भाषा कोणालाहि बोलावी लागली नाहीं. युद्ध संपल्यावर, १९४२ मध्यें ग्रीसमधील दुष्काळासाठीं ऑक्सफर्डला स्थापन झालेल्या समितीनें १९४७-४८ च्या हिवाळ्यांत ब्रॉड स्ट्रीटवर आपलें कायमचें दुकान मांडलें. लोकांनीं द्यावें, दुकानानें विकावें, पैसा दूरदेशच्या पीडितांना जावा. ऑक्सफॅम या नांवानें ती समिति पुढें जगभर गाजली.

ज्या हिवाळ्यांत तें दुकान उघडलें त्याच हिवाळ्यांत कराचीच्या बोटी मुंबईच्या धक्क्याला लागत होत्या. फाळणीनंतर सिंधमधून निघालेलीं कुटुंबें बोटीनें आणि रेल्वेनें आलीं. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंग्यानंतर तर लोंढाच आला. त्यांना ठेवावयास जागा निघाली ती कल्याणपासून थोड्या अंतरावरची लष्करी छावणी. युद्धकाळांत सैनिकांसाठीं बांधलेल्या त्या लांबच लांब बराकींत पडदे बांधून एकेका कुटुंबाचा संसार मांडला गेला. लाखाच्या आसपास माणसें तेथें वसलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथल्या नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याचें नांव उल्हासनगर ठरलें. बराकींचे क्रमांक आजहि तेथल्या पत्त्यांत टिकून आहेत.

या छावणींत आलेलें मूल अंगावरच्या कपड्यानिशीं आलें होतें, आणि वर्षभरांत तें त्या कपड्यांतून वाढलें. येथें ट्रंक नव्हती, आजीचें लुगडें नव्हतें, मामेबहिणीचें घर दुसऱ्याच कुठल्या छावणींत पडलें होतें. नात्याची जी वाट मुलाच्या कपड्याला शतकानुशतकें ठाऊक होती ती फाळणीनें एका फटक्यांत तोडली. सरकारकडून शिधा मिळे. कपडा, घोंगडी सरकारकडून आणि सेवाभावी मंडळींकडून येई. पण काल-परवांपर्यंत सिंधमध्यें ज्यांचीं स्वतःचीं दुकानें होतीं, ज्यांच्या दारांतून इतरांना कपडा जाई, त्यांनीं आज रांगेंत उभें राहून परक्या मुलाचा उतरलेला सदरा घ्यावा, हा घाव शिध्याच्या रांगेपेक्षां खोल होता. अन्न पोटांत जातें आणि दिसेनासें होतें. अंगावरचा दुसऱ्याचा कपडा दिवसभर दिसतो, आणि शाळेंत तर तो ज्याचा होता तोच शेजारच्या बांकावर बसलेला असण्याचा संभव!

या लोकांनीं त्यावर जें उत्तर काढलें तें प्रसिद्धच आहे. त्यांनीं दान घेण्याचें सोडून विकण्यास सुरुवात केली. लोकलच्या डब्यांत गोळ्या, पेन्सिली, रुमाल विकणारीं सिंधी मुलें मुंबईकरांनीं पाहिलीं. बराकींतून शिवणयंत्रें चालूं लागलीं. थोड्याच वर्षांत हें गांव कापडाचें आणि तयार कपड्यांचें मोठें ठाणें झालें. पुढें तर विजारी शिवण्यांत, विशेषतः जीनमध्यें, त्याची कीर्ति देशभर पसरली. अमेरिकेचा शिक्का मारून येथला माल खपतो आणि त्या शिक्क्याचीं इंग्रजी अक्षरें खरोखर ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चीं आहेत, हा विनोद त्या गांवाइतकाच जुना वाटावा इतका रुळला आहे. हंसणाऱ्यांनीं हें विसरूं नये, कीं जुना कपडा अंगावर घेऊन ज्यांना दिवस काढावे लागले त्यांनींच स्वस्तांतला नवा कपडा लाखों मध्यमवर्गीय मुलांच्या अंगावर चढविला.

उल्हासनगरच्या पुढचीं दोन गांवें निराळ्या घडणीचीं. अंबरनाथला शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील शिलालेख असलेलें शिलाहारांचें शिवालय वालधुनीच्या कांठीं उभें आहे, आणि त्याच गांवांत विसाव्या शतकांत आगपेट्यांचा आणि दारूगोळ्याचा असे कारखाने आले. बदलापुरास व्यापारी व स्वार घोडे बदलीत, म्हणून तें नांव पडलें असें सांगतात. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, अदलाबदलीच्या विषयांत तिचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. गिरगांव-दादरच्या चाळींत जागा न मावणारीं मराठी कुटुंबें हळूहळू या दोन गांवीं सरकलीं. चाळींत जिन्यावर भेटणारी चुलत जाऊ आतां तीस-चाळीस मैलांवर राहिली. घरांत मूलहि एक किंवा दोन. म्हणजे निर्वासितांच्या बाबतींत फाळणीनें जें एका रात्रींत केलें, तेंच या घरांच्या बाबतींत नोकरी आणि भाडें यांनीं तीस-चाळीस वर्षांत सावकाश केलें. अंगड्यांचा ढीग पूर्वींपेक्षां मोठा झाला आणि तो घेणारें धाकटें भावंड नाहींसें झालें.

२६ जुलै २००५ च्या प्रलयांत उल्हास नदीनें बदलापुरापासून कल्याणपर्यंत वस्त्याच्या वस्त्या पाण्याखालीं घातल्या. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्यें महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यांत अडकून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावें लागलें. असा पूर आला कीं तळमजल्यावरच्या घरांतलें कपाट आधीं भिजतें, आणि कपड्यांच्या मदतीचें आवाहन निघतें. अशा मदतीचें काय होतें याचा एक धडा २००४ च्या त्सुनामीनें दिला. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. कोळणींना न चालणारे कपडे, फाटके, बिनगुंड्यांचे, कोणाला कोणत्या मापाचे लागतात याचा विचार न करतां पाठविलेले. लोकांनीं त्यांना हातहि लावला नाहीं. अंशु गुप्ता यांनीं १९९९ मध्यें दिल्लीस सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेनें ते ढीग उचलून निवडण्याचें काम अंगावर घेतलें. या संस्थेचा नियम असा, कीं गांवानें विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा, आणि त्या श्रमाबद्दल कपडा घ्यावा. गुप्ता यांना २०१५ मध्यें मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस इराणमधील मशहद शहरांत भिंतीवर खुंट्या ठोकून, नको असलेला कपडा ठेवावा, हवा असलेला न्यावा, ही प्रथा निघाली, आणि ‘माणुसकीची भिंत’ या नांवानें महाराष्ट्रांतल्या अनेक शहरांत ती आली. भिंतीपाशीं देणारा दिसत नाहीं, हा तिचा मोठा गुण. पण दहा दिवसांनीं तेथें जें उरतें तें पाहिल्यास माणुसकीपेक्षां घराची साफसफाईच अधिक झाली कीं काय, असें वाटण्याजोगें असतें.

विक्रीचा मार्ग या सगळ्यांत सर्वांत रुक्ष, पण घेणाऱ्याच्या बाजूनें तोच सरळ. किंमत मोजणारी बाई टेबलाजवळ उभी राहून कपडा उलटासुलटा करते, शिवण ओढून पाहते, काज तपासते, नापसंत करते, भाव पाडून मागते. दान घेणारीला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. विकणारीलाहि त्यामुळें शिस्त लागते. जो कपडा दान म्हणून डाग न काढतां दिला जातो, तोच विकावयाचा म्हटल्यावर धुतला जातो, त्याची तुटलेली गुंडी लागते, इस्त्री होते. मात्र या प्रांतांत अशा विक्रीपुढें एक अडचण आहे, आणि ती उल्हासनगरनेंच निर्माण केली आहे. नवा फ्रॉक इतका स्वस्त मिळतो, कीं जुन्या फ्रॉकला भाव येत नाहीं. म्हणून ज्यांना खरोखर गिऱ्हाईक मिळतें ते कपडे निराळे: थंडीचे स्वेटर, मुंजीचा किंवा लग्नाचा एकदांच घातलेला भरजरी पोशाख, परकर-पोलकें, आणि सगळ्यांत आधीं शाळेचा गणवेष. जून महिन्यांत एकाच शाळेच्या पालकांत गणवेषाची विक्री ठेवल्यास लाजेचा प्रश्नच उरत नाहीं, कारण गणवेष सर्वांचा सारखाच असतो. मागच्या वर्षीं तो कोणाच्या अंगावर होता हें त्यावर लिहिलेलें नसतें. विक्रीतून उरलेला माल परत घरीं न नेतां मापाप्रमाणें निवडून आश्रमाला विचारून द्यावा, न विचारतां देऊं नये. आणि जें कोणत्याच कामाचें नाहीं त्याच्या गुंड्या व नाड्या काढून घेऊन सुती चिंध्या वेगळ्या कराव्या. यंत्रें पुसावयास कारखान्यांना त्या वजनावर लागतात, आणि त्यांचे जे थोडे पैसे येतात तेहि त्याच फंडांत जमा करतां येतात.